शेतीसंरक्षण बंदुकीचा परवाना: कोकणातल्या शेतकऱ्याच्या बाजूने केलेलं परीक्षण

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आजही याला ‘शिकारीचं लायसन’ म्हणतात. ते नाव आधी डोक्यातून काढायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्यात शिकारीचे परवाने होते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हाही मोठी शिकार, छोटी शिकार असे परवाने कागदावर शिल्लक होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले. तेव्हापासून हौसेसाठी, मटणासाठी किंवा शिमग्याच्या पारधीसाठी कुणालाही परवाना मिळत नाही, कितीही ओळख असली तरी.

आज शेतकऱ्याच्या हातात दोन वेगळे कागद येऊ शकतात. पहिला, जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळणारा शेतीसंरक्षणासाठीचा शस्त्र परवाना. दुसरा, पिकात घुसणारं ठरावीक जनावर मारण्याची वनखात्याची लेखी परवानगी. पहिल्या कागदावर बंदूक घरात ठेवता येते, शेतात नेता येते. जनावरावर ती चालवण्याचा अधिकार दुसऱ्या कागदाशिवाय मिळत नाही. घराण्यात तीन पिढ्या बंदूक असलेल्यांनाही हे माहीत नसतं, आणि परवाना हातात देताना ते समजावून सांगण्याची सोय या सेवेत कुठेच नाही. आमचा पहिला आणि सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

अर्जापासून सुरुवात करू. अर्ज एनडीएएल-एएलआयएस या केंद्रीय पोर्टलवर ए-१ नमुन्यात भरायचा. पोर्टल तसं सरळ आहे, पण फोटो आणि सह्यांच्या फायली ठरलेल्या आकाराबाहेर गेल्या की अडतं, म्हणून स्कॅन आधीच लहान करून ठेवावेत. वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. ओळख, पत्ता आणि वयाचे पुरावे, एस-३ नमुन्यातला वैद्यकीय दाखला, बंदूक सुरक्षित ठेवण्याची हमी आणि हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र ही नेहमीची जोडणी. शेतीसंरक्षणासाठी त्यावर सातबारा आणि आठ-अ लागतो. कोकणातली बहुतेक प्रकरणं रखडतात ती इथेच.

आपला सातबारा सामाईक असतो. वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही वारलेली आणि वारस नोंद न झालेली. कसणारा एकटाच असला तरी ‘जमीन तुमची कशावरून’ हा प्रश्न टेबलावर येतोच. म्हणून अर्जाआधीच सहहिस्सेदारांची संमतीपत्रं गोळा करावीत. चाकरमानी गणपतीला गावी येतात तेव्हाच हे काम होतं, एरवी वर्ष जातं. दुसरी गोष्ट पीकपेऱ्याची. गाव नमुना १२ मध्ये त्या हंगामाचं पीक नोंदलेलं नसेल, तर पिकाचं संरक्षण कशासाठी मागता याला कागदावर उत्तर उरत नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवरून शेतकऱ्यानेच भरायची आहे. भात, नाचणी, काजू, सुपारी जे असेल ते हंगामातच नोंदवा. ओसाड किंवा ‘पड’ असा शेरा असलेल्या सातबाऱ्यावर बंदूक मागणारा अर्ज पहिल्या फेरीतच कमजोर पडतो.

तिसरी जोडणी फारसं कुणी सुचवत नाही, पण तिचं वजन सगळ्यात जास्त असतं: मागच्या दोन-तीन हंगामांतल्या नुकसानीचे वनखात्याने केलेले पंचनामे. भरपाई फारशी मिळणार नाही म्हणून लोक पंचनामाच करून घेत नाहीत, आणि मग बंदुकीची गरज सिद्ध करायला हातात काही राहत नाही. डुक्कर कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, शिरलं की त्याच दिवशी वनरक्षकाला किंवा १९२६ या हॅलो फॉरेस्ट क्रमांकावर कळवावं. लोळवलेलं भात, नांगरल्यासारखी उकरलेली माती आणि चिखलातले खूर यांचे फोटो काढावेत, आणि पंचनामा होईपर्यंत तेवढा तुकडा कापू नये. खुराच्या ठशाशेजारी काडेपेटी ठेवून काढलेला एक फोटो लांबून काढलेल्या दहा फोटोंपेक्षा उपयोगी पडतो.

आता कोणती बंदूक मागायची ते. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कलमात पुढे म्हटलंय की ठासणीची पुरी पडणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची, म्हणजे आपल्याकडची बारा बोरची, देता येते. काडतुसाची बंदूक हवी असेल तर अर्जात या तरतुदीचा उल्लेख करून कारणं लिहावी लागतात. नुसतं ‘बारा बोर मिळावी’ लिहिलं की हाती ठासणी तरी येते किंवा नकार तरी.

कारणं खरी आहेत, ती मोकळेपणाने लिहावीत. ठासणीत एका बारानंतर दारू, बोळा, छर्रे भरून गजाने ठासायचे आणि वर टोपी, म्हणजे दारूला ठिणगी देणारी स्फोटक कॅप, चढवायची. काळोखात याला मिनिटाच्या वर लागतो, आणि डुकरं येतात ती कळपाने. पावसाळ्यात दारू ओल धरते, टोपी फुटते पण बार होत नाही. हा अडकलेला बार सगळ्यात धोक्याचा, कारण उशिराने पेटू शकतो. नळी मोकळ्या दिशेला धरून चांगलं मिनिटभर थांबावं, तोंडाकडून डोकावून कधीच बघू नये. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणून बार काढला की त्याच रात्री गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून, तेलाचा हात फिरवावा लागतो. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत दोन दिवसांचा आळस केला तरी आतून तांबेरा धरतो, आणि खड्डे पडलेली नळी पुढे फाटते. बारा बोरला हा त्रास कमी आहे, तरी देवगड-वेंगुर्ल्याच्या हवेत तिलाही महिन्यातून एकदा तेल हवंच.

पोलीस अहवालाचा टप्पा बहुतेकांना अवघड वाटतो, पण नियम इथे शेतकऱ्याच्या बाजूने आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांत पोलिसांच्या अहवालाला ३० दिवस आणि अहवाल मिळाल्यावर निर्णयाला ६० दिवस ठरवून दिलेत. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो. पोर्टलवरचा अर्ज क्रमांक आणि तारीख टाकून लेखी स्मरणपत्र दिलं, तर फाईल हलते. अहवाल बिघडतो तो बहुधा बांधाच्या भांडणातून. भावकीतला वाद पोलिसांत गेला आणि शांतता राखण्याचा बंधपत्राचा आदेश झाला, ज्याला आपण चॅप्टर केस म्हणतो, तर त्या बंधपत्राच्या मुदतीत शस्त्र बाळगण्यालाच कायद्याने बंदी आहे. अशा वेळी मुदत संपेपर्यंत अर्ज न करणंच शहाणपणाचं. नकार आला तर कारण लेखी मागावं आणि ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे कोकण भवनला, अपील करावं. मालमत्ता थोडी आहे एवढ्याच कारणावर परवाना नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये लिहिलेलं आहे. दोन एकरवाल्याने हे वाक्य लक्षात ठेवावं.

अभयारण्याचं अंतर हा कोकणातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी सहमती लागते. जुना परवाना असलेल्यांनाही तिथे आपलं नाव नोंदवावं लागतं. हे अंतर सरळ रेषेत मोजतात. घाटरस्त्याने तीस किलोमीटर पडणारं गाव नकाशावर सात-आठ किलोमीटरवर असू शकतं. राधानगरीखालची कणकवली-वैभववाडीची गावं, कोयना-चांदोलीच्या पायथ्याची खेड-संगमेश्वरची गावं, रायगडात फणसाड आणि कर्नाळ्याभोवतालची गावं, या सगळ्यांनी अर्जाआधी नकाशा बघावा. फणसाड तर जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं, १९८६ पासून अभयारण्य आहे. मालवणचं सागरी अभयारण्यही १९८७ पासून अभयारण्यच आहे, ते समुद्रात आहे म्हणून अंतराचा नियम आपल्याला लागू नाही, असं किनाऱ्यावरच्या गावांनी गृहीत धरू नये. सहमतीचं पत्र नसेल तर फाईल महिनोन् महिने ‘अभिप्रायासाठी’ पडून राहते, आणि अर्जदाराला कारण कळत नाही. पोर्टलवर गावाचं नाव टाकलं की हे दिसायला हवं होतं.

परवाना मिळाला की त्यावरचा प्रत्येक रकाना वाचावा. कोणतं शस्त्र, काडतुसं एका वेळी किती आणि वर्षात किती, कोणत्या हद्दीत, आणि कुणाच्या हातात. शेवटच्या रकान्यात आंबा बागायतदार हमखास चुकतात. मालक ठाण्याला, परवाना मालकाच्या नावावर, आणि बागेत बंदूक घेऊन फिरतो तो नेपाळी राखणदार. परवान्यावर ज्याचं नाव नोंदलेलं नाही त्याच्या हातात बंदूक सापडली, तर त्याच्यासाठी ती विनापरवाना बंदूक ठरते. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिला किमान २ आणि कमाल ५ वर्षांची कैद आहे. गरीब माणूस अडकतो आणि मालकाचा परवानाही जातो. राखणदाराकडे बॅटरी, डबा आणि फटाके द्यावेत, बंदूक देऊ नये.

परवान्याची मुदत आता ५ वर्षं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधीच टाकावा. जुन्या पुस्तकी परवान्यावर यूआयएन, म्हणजे पोर्टलवरचा एकमेव ओळख क्रमांक, चढला नसेल तर तो परवाना धरला जात नाही. आजोबांच्या नावची बंदूक माळ्यावर पडलेली असणं कोकणात नवं नाही. परवानाधारक वारला की ती बंदूक ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते आणि वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करायचा असतो. धारकाचं वय ७० झालं किंवा त्याने बंदूक २५ वर्षं बाळगली, तर हयातीतही ती वारसाच्या नावे करता येते. म्हातारपणी हा अर्ज करून टाकावा, पुढच्या पिढीची फरपट वाचते. एका परवान्यावर आता दोनच शस्त्रं ठेवता येतात, तिसरं असेल तर तेही जमा करायचं.

निवडणुकीच्या वेळी जमा करण्याचा प्रकार मात्र शेतकऱ्यावर अन्याय करणारा आहे. विधानसभेच्या २०१४, २०१९ आणि २०२४ च्या निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाल्या. भात पिकून उभं असतं तेच दिवस. लोकसभेला एप्रिल-मे, म्हणजे काजू आणि आंबा. नेमकी राखणीच्या वेळी बंदूक ठाण्यात. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार जिल्ह्याच्या छाननी समितीने धारकनिहाय विचार करायचा असतो. आचारसंहिता लागायच्या सुमारास सातबारा, पीकपेरा आणि पंचनाम्याच्या प्रती जोडून सूट मागणारा अर्ज द्यावा. सूट मिळेलच असं नाही, पण न मागणाऱ्याचा विचार होत नाही. बंदूक जमा करताना नळीचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या आणि परत घेताना तो पडताळा.

आता दुसरा कागद. वन्यजीव कायद्यात संरक्षित जनावरांच्या याद्यांना अनुसूची म्हणतात. रानडुक्कर या कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ ला लागू झाली, अनुसूची २ मध्ये आहे. कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोकादायक झालेलं अनुसूची २ मधलं जनावर मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आणि कारणं नमूद करून देऊ शकतो. शेतकऱ्याने अर्ज आपल्या परिक्षेत्राच्या वनक्षेत्रपालांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जात गट क्रमांक, पीक, नुकसानीच्या तारखा, शस्त्र परवाना क्रमांक आणि बंदूक चालवणाऱ्याचं नाव लिहावं. परवानगी त्या शेतापुरती आणि त्या मुदतीपुरती असते. जखमी डुक्कर रानात शिरलं तर बंदूक घेऊन मागे जाऊ नये, वनरक्षकाला कळवावं. जखमी डुक्कर जाळीत दडून उलटतं, आणि राखीव जंगलात शस्त्रासह सापडणं हे वेगळंच प्रकरण होतं.

मेलेल्या डुकराचे वाटे घालता येत नाहीत. गावोगाव हीच चूक होते. परवानगीने मारलं तरी कलम ३९ प्रमाणे ते जनावर सरकारची मालमत्ता. ४८ तासांच्या आत कळवायचं असतं, त्याच रात्री फोन करणं उत्तम. पंचनामा होऊन विल्हेवाट वनखात्यासमोर लागते. टोपात सागुती, म्हणजे शिजवलेलं मटण, सापडली की परवानगीचा कागद वाचवत नाही. रानडुकराला ‘उपद्रवी’ ठरवून मोकळीक देण्याचा अधिकार कलम ६२ खाली केंद्राकडे आहे. उत्तराखंडात रानडुकरासाठी आणि बिहारात नीलगायीसाठी तसं मुदतीपुरतं झालं होतं. त्या बातम्या व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून कोकणात कुणी बार काढू नये.

अनुसूची १ मधल्या जनावरांना तर पिकाच्या नुकसानीचं कारण चालतच नाही. गवा, बिबट्या, मोर, घोरपड, खवले मांजर, शेकरू, दोडामार्गातले हत्ती, आणि आपल्याकडचं टोपीसारखे केस असलेलं माकडही त्यातच. नारळ-सुपारीवाले माकडांनी जेरीस आलेत, त्यांचा राग आम्हाला पटतो. पण परवाना न लागणारी छऱ्याची एअरगन आणून माकडावर चालवली तरी शिकारीचाच गुन्हा लागतो. शिक्षा किमान ३ आणि कमाल ७ वर्षं, दंड किमान २५,००० रुपये. अनुसूची २ च्या जनावराला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गाडी, बंदूक, बॅटरी जप्त होते, आणि दोषी ठरल्यास पुढची ५ वर्षं शस्त्र परवान्याला अपात्र ठरवण्याचा अधिकार कोर्टाला आहे. फासकी लावणं, गावठी बॉम्ब ठेवणं, विष घालणं, हाकारा काढणं हे सगळं ‘शिकार’ याच व्याख्येत येतं, जनावर मेलं नाही तरीही. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो. लावणाऱ्याला मग अनुसूची १ चा गुन्हा लागतो, आणि ते जनावर कमरेला तार रुतून तासन् तास तडफडत असतं. हे थांबायलाच हवं. अंगावर आलेल्या जनावरापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना ते मेलं, तर कलम ११(२) प्रमाणे गुन्हा होत नाही, मात्र त्या वेळी तुम्ही स्वतः बेकायदा काही करत नसला पाहिजेत.

वनखात्याच्या परवानगीची ही सेवा आम्हाला सगळ्यात कमी पडलेली वाटते. डुकरं येतात रात्री अकरा ते चारच्या दरम्यान, भात निसवलं की सलग दहा-पंधरा रात्री. अर्ज, पाहणी आणि परवानगी हे सगळं कार्यालयीन वेळेत. कागद येईपर्यंत कापणी होते. हंगामाआधी, ऑगस्टमध्येच, मागच्या वर्षीच्या पंचनाम्यांवरून गावनिहाय परवानग्या तयार ठेवल्या, तर हा कागद कामाला येईल. शेतकऱ्यानेही भाताला दाणा धरायची वाट न बघता तेव्हाच अर्ज टाकून ठेवावा.

बंदुकीचा प्रत्यक्ष उपयोग बहुतेक ठिकाणी मांगराजवळून, म्हणजे शेतातल्या खोपीजवळून, बार काढून कळप पळवण्यापुरताच होतो. तोही वाडीपासून लांब, समोर माती किंवा डोंगराची उतरण असेल अशाच दिशेने. निष्काळजीपणे बार काढून कुणाच्या जिवाला धोका झाला तर २०१९ पासून २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तीन-चार रात्रींनंतर डुकरं आवाजाला सरावतात हेही खरं.

म्हणून कुणी विचारलं की परवाना काढावा का, तर आमचं उत्तर जमिनीवर ठरतं. एका जागी पाच एकरांच्या वर बाग किंवा मळा, स्वतः गावात राहणारा माणूस, अभयारण्यापासून लांब गाव आणि स्वच्छ सातबारा असेल तर काढावा. वर्ष-दीड वर्ष धरून चालावं. तुकड्या-तुकड्यांची दोन एकर भातशेती असेल तर तोच वेळ आणि पैसा झटका मशीनवर, म्हणजे कुंपणाच्या तारेला हलका विजेचा झटका देणाऱ्या यंत्रावर, घालावा. सौर पॅनेल, बॅटरी, वीतभर उंचीवर पहिली तार आणि हातभर उंचीवर दुसरी. तारेखालचं गवत दर आठवड्याला काढावं लागतं, ओलं गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो आणि डुकरं ते दोन रात्रींत ओळखतात. जंगलालगतच्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, वनरक्षकाकडे यादीत नाव द्यावं. घरातल्या लाइनीवरून थेट वीज तारेत सोडणाऱ्यांनी मात्र आजच ती तार उतरवावी. पहाटे पाणी लावायला जाणारा शेजारी त्याच बांधावरून चालत असतो.